न वितळलेली काच

नव्या बुटांच्या खोक्यात एक लहानशी कागदी पुडी असते. तिच्यावर 'खाऊ नका' असं लिहिलेलं असतं आणि आपण ती न बघताच फेकून देतो. त्या पुडीतले मण्यांसारखे दाणे तपासण्यात मृणाल ओव्हाळची ऐन उमेदीची वर्षं गेली. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती तपासनीस होती. दाणे किती पाणी शोषतात, किती लवकर फुटतात, आतली भोकं किती बारीक आहेत, हे पाहणं तिचं काम. त्या दाण्यांना सिलिका जेल म्हणतात, ते वाळूचंच भावंड आहे आणि आतून एखाद्या स्पंजासारखं पोकळ असतं, हे मला तिच्याकडूनच कळलं.

मी कल्याणच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचे. रसायनशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. कारखाना गुजरातला हलला तेव्हा मृणाल तिकडे गेली नाही, आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवायला आली आणि स्टाफरूममध्ये तिला माझ्या शेजारचं टेबल मिळालं. लहानखुरी, केस आखूड कापलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बोलणं भरभर. मला ती पहिल्याच आठवड्यात 'मेघनाताई' म्हणायला लागली आणि माझ्या डब्यातली भाजी न विचारता घ्यायला लागली.

ती गुजरातला का गेली नाही, ते पुढे कळलं. तिचा नवरा महेंद्र क्वार्ट्झचं काम करायचा. प्रयोगशाळांना लागणाऱ्या नळ्या, मुशी, चंबू हे तो आणि त्याचा भागीदार पोपट डोंबिवलीतल्या एका गाळ्यात ज्योतीवर वळायचे. साधी काच वळणारे बरेच असतात, क्वार्ट्झ वळणारे मोजके. "काचेला आग दाखवली की ती नरम येते," महेंद्र सांगायचा. "क्वार्ट्झ नुसता आगीकडे बघत बसतो." क्वार्ट्झ म्हणजे शुद्ध सिलिका. ती हलायला लागते सतराशे अंशांच्या आसपास. त्यासाठी ऑक्सिजन-हायड्रोजनची पांढरी ज्योत लागते, आणि त्या ज्योतीकडे महेंद्रने तरुणपणापासून डोळे लावलेले. पन्नाशीच्या आतच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ठाण्याला ऑपरेशन झालं, नजर परत आली. पण डॉक्टरांनी बजावलं, तासन्‌तास ज्योतीसमोर बसणं आता बंद. अशा वेळी त्याला सोडून ती गुजरातला जाणार नव्हती.

त्यानंतर तो विठ्ठलवाडीच्या घरी गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागला. चिडायचा नाही, तक्रार करायचा नाही. पोपट भेटायला आला की त्याच्याशी क्रिकेटवर बोलायचा, कामाचा विषय निघाला की उठून आत जायचा. मृणाल मला म्हणाली, "माणूस घरात असून घरात नाही, असं झालंय ताई."

एके दिवशी जेवताना ती त्याला सहज म्हणाली, "अहो, न वितळवताही क्वार्ट्झची काच होते म्हणे. जेलपासून. हजार-अकराशेला."

महेंद्र घास हातात धरून हसला. किती तरी महिन्यांनी हसला.

"कोण म्हणतं?"

"पुस्तकात आहे. कारखान्यात असताना वाचलेलं."

"पुस्तकवाल्याला सांग, गाळ्यात ये. अकराशेला क्वार्ट्झला घाम पण फुटत नाही. मी जन्म घालवलाय त्याच्यापुढे."

"मग मी करून दाखवते," मृणाल म्हणाली.

हे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जिंकायची ईर्षा नव्हती. तो हसला, याचाच आनंद जास्त होता.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक जुनी मफल भट्टी होती, कपाटाएवढी जाड भिंत आणि आत डब्याएवढी जागा. ती कशीबशी अकराशेपर्यंत जायची. प्राचार्यांनी प्रॅक्टिकल संपल्यावर ती वापरायला परवानगी दिली. मृणालने सुरुवात केली ती तिला हातखंडा असलेल्या रीतीने, कारखान्यातल्या. सोडियम सिलिकेटच्या पाकात आम्ल घातलं, बघता बघता दही लागावं तसं ते लागलं. वाळवलं, भट्टीत घातलं. बाहेर आला तो पांढराफटक तुकडा. तिने तो रुमालात बांधून घरी नेला.

महेंद्रने तो बोटांत फिरवला, भिंतीवर एक रेघ ओढली. "खडू झाला," तो म्हणाला.

"सोडियम राहिलं आत. कितीही धुतलं तरी थोडं राहतंच. त्याच्यामुळे काच व्हायच्या आधीच स्फटिक धरतात."

"भट्टी चढवलीस कशी?"

"म्हणजे?"

"किती वेळात चढवली?"

तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कॉलेजात आला, शिपायाला विचारत प्रयोगशाळेत पोचला, आणि भट्टीच्या दाराची फट, तारेची वेटोळी, मागचा तापमापक असं सगळं हात लावून बघून गेला. मी तेव्हा त्याला पहिल्यांदा पाहिलं. उंच, किंचित वाकलेला, बोटांच्या टोकांवर जुन्या भाजल्याच्या चकचकीत खुणा.

मग मृणालने कारखान्याची वाट सोडली. टीईओएस नावाचं एक द्रव्य असतं, दिसायला पाण्यासारखं. त्यात सोडियम नसतं. ते अल्कोहोल आणि पाण्यात मिसळायचं आणि ते लागावं म्हणून विरजणासारखं काहीतरी घालायचं. आम्ल घाला किंवा अमोनिया घाला. तिने दोन बश्या लावल्या, एकीत आम्ल, दुसरीत अमोनिया. बाकी सगळं तेच आणि तेवढंच.

त्या दोन बश्यांनी मला पहिल्यांदा थक्क केलं. अमोनियाचं जेल दुधट होतं, खरवसासारखं. आम्लाचं इतकं नितळ, की बशी रिकामी आहे असं वाटून मी ती उचलायला गेले. मृणाल ओरडली, "अगं ताई, भरलेली आहे ती!"

वाळताना आम्लाच्या जेलला तडे गेले आणि त्याचे खड्यांसारखे तुकडे झाले. अमोनियाचं जेल त्या मानाने शाबूत राहिलं. तिने दोन्ही भट्टीत घातली. अमोनियाचा तुकडा अकराशेलाही तसाच राहिला, मठ्ठ पांढरा, जिभेला लावला तर चिकटणारा. म्हणजे भोकं अजून उघडीच होती. आम्लाचे तुकडे मात्र फुगले. कुरडई तेलात सोडल्यावर फुलते तसे फुगले आणि आतून तपकिरी झाले.

"दोन्ही फसले ना?" मी विचारलं.

"फसले, पण एकसारखे नाही फसले!" ती म्हणाली. तिचे डोळे असे चमकत होते की मला वाटलं हिला काहीतरी घबाड मिळालंय. तिने माझ्या डब्याच्या झाकणावर शेंगदाणे ओतले. "हे अमोनियाचं. गोल गोल दाणे होतात आणि एकमेकांवर रचले जातात, साबुदाण्यासारखे. मधे मोठी भोकं. मोठं भोक बुजायला जास्त आग लागते. आणि आम्लाने होतात शेवया. बारीक, लांब, एकमेकींत गुंतलेल्या. त्यांच्यामधली भोकं इतकी बारीक, की थोड्या आगीतही ती मिटायला बघतात. पण मी आग घाईने दिली. आतलं पाणी आणि अल्कोहोलचा अंश बाहेर पडायच्या आतच दारं बंद झाली. मग ते आत कोंडलं, जळलं, फुगलं."

"आणि वाळताना तडे का गेले?"

"तेही त्या बारीक भोकांमुळेच. पाणी जाताना भिंतींना आत ओढतं. भोक जितकं बारीक, तितकी ओढ जास्त."

मी त्या शेंगदाण्यांकडे बघत राहिले. एका थेंबाच्या फरकाने ज्याची घडण बदलते, आणि ती घडण कुणाला डोळ्यांनी दिसत नाही, पण भट्टीला मात्र कळते. आग प्रत्येकाशी त्याच्या जन्माप्रमाणे वागते. मी घरी टिटवाळ्याला जाईपर्यंत तेच मनात घोळत होतं.

तिने मला आणखी एक गंमत दाखवली. आम्लाच्या जेलचा वाळलेला, न भाजलेला खडा तिने पाण्याच्या ग्लासात टाकला. क्षणभर काही झालं नाही. मग तो टिकटिक वाजायला लागला, जिवंत किड्यासारखा, आणि आमच्यासमोर त्याचे तुकडे तुकडे झाले. "तहान इतकी, की पाणी पिता पिता फुटतो," मृणाल म्हणाली. तेव्हा महेंद्रही तिथेच होता. त्याने ग्लास कानाला लावला आणि शेवटची टिकटिक संपेपर्यंत तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "मृणाल, ह्याला घाई चालत नाही. आम्ही पण सांधा वळला की वाऱ्यात नाही ठेवत. थंड होऊ देतो त्याच्या त्याच्या चालीने."

तिथून पुढे ते दोघं मिळून करायला लागले. मृणालने दोन्ही रीती एकत्र आणल्या. आधी आम्ल, म्हणजे शेवया धरतील. मग अगदी थोडा अमोनिया, म्हणजे त्या जाड होतील, भोकं किंचित मोठी होतील, वाळताना सोसतील. लागलेलं जेल लगेच वाळवायचं नाही, त्याच्याच पाण्यात बुडवून मुरू द्यायचं, म्हणजे आतले सांधे घट्ट होतात. महेंद्रने मेणाचे साचे केले. गोल, टिकलीसारखे, पण हाताच्या तळव्याएवढे. साच्यावर घट्ट झाकण आणि झाकणाला सुईने पाडलेली भोकं. आणि मग वाट बघायची.

पूर्ण पावसाळा त्या दोघांनी वाट बघितली. साचे स्वयंपाकघरातल्या फडताळात वरच्या खणात होते. मृणालची आई केशरबाई त्यांच्याकडेच राहायच्या. त्यांना ताकीद होती, खणाला धक्का लावायचा नाही. त्या मला म्हणाल्या, "बाई, ह्यांच्या फडताळात काय पिकतंय कुणास ठाऊक. रोज दोघं जण बॅटरी घेऊन बघतात, आणि एकमेकांशी हळू बोलतात. बाळ झोपल्यासारखं."

काही फुटले. सकाळी झाकण उघडावं तर आत दोन अर्धुकं पडलेली. मृणाल हिरमुसायची, महेंद्र नवीन साचा ओतायला घ्यायचा. जे टिकले ते हळूहळू आक्रसत गेले. साच्याला घट्ट बसलेली चकती सुटी झाली, मग साच्यात हलायला लागली, मग साच्यात हरवल्यासारखी दिसायला लागली. आकार मात्र तोच. एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त असं कुठे नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज रिकामं होतं. एक चकती धड होती. एकच. ती भट्टीत ठेवली आणि महेंद्र स्टूल घेऊन तापमापकासमोर बसला. इथे बघायला ज्योत नव्हती, नुसते आकडे होते, पण तो बसला तसाच, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. आग इतकी सावकाश चढवली की मला ती चढतेय असं वाटेचना. मधे मधे थांबायचे, पाणी निघून जाऊ दे, जळायचं ते जळून जाऊ दे, दारं उघडी आहेत तोवर सगळं बाहेर पडू दे. ते दोघं पाळीपाळीने घरी जाऊन येत होते. भट्टी वर गेली, तिथे थांबली, आणि तितक्याच सावकाश उतरली.

दार उघडलं त्या सकाळी मला मृणालने फोन करून बोलावून घेतलं होतं. महेंद्रने चिमट्याने चकती काढली आणि पांढऱ्या फरशीवर ठेवली.

मला ती दिसलीच नाही.

फरशीची रेघ तिच्यातून सरळ दिसत होती. कडेला जरा प्रकाश वाकडा होत होता, तेवढ्यावरूनच कळलं की तिथे काहीतरी आहे. तळव्याएवढी ओतलेली चकती आता मोठ्या नाण्याएवढी झाली होती. मृणालने दोन्ही हात तोंडावर धरले होते. महेंद्र खाली वाकला, डोळा तिच्या पातळीवर आणला, आणि बराच वेळ आरपार बघत राहिला. ज्या द्रव्याला नरम करायला त्याने आयुष्यभर पांढरी आग जाळली, ते द्रव्य न वितळता, न वाहता, आपल्या जागी बसल्या बसल्या काच झालं होतं.

मग तो म्हणाला, "भिंग आण गं."

चकतीच्या एका बाजूला काहीतरी होतं. मृणालने भिंगातून बघितलं आणि त्याच्याकडे पाहिलं. साचा करताना त्याचा अंगठा ओल्या मेणात रुतला असावा. त्या अंगठ्याचा ठसा काचेवर उमटला होता, रेघन्‌रेघ, मधला भोवरासुद्धा. फक्त लहान झाला होता. नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या अंगठ्याएवढा. तिने त्याचा खरा अंगठा धरून शेजारी ठेवला. मीही बघितलं. अंगठ्यावर भाजल्याची जी खूण होती, तीही तिथे होती, तिळाएवढी.

"एकही रेघ चुकली नाही," मृणाल पुटपुटली. "सगळीकडून सारखंच आक्रसलंय."

भट्टी बंद करून आम्ही बाहेर आलो, चहा घेतला. मग महेंद्र म्हणाला, "दिसायला काच आहे. क्वार्ट्झ आहे का, ते पोपटकडे कळेल."

"कसं?"

"लाल करायची आणि पाण्यात टाकायची."

मृणालचा चहा हातातच राहिला. साधी काच अशी टाकली तर तिच्या ठिकऱ्या होतात. क्वार्ट्झ टिकतो, पण तो आतून भरीव असेल तरच. आत कुठे पोकळी राहिली असेल, एखादी बारीक चीर असेल, तर संपलं. आणि चकती एकच होती.

"अहो, आपण दुसरी करू आणि मग…"

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला. "तुला खोटं पाडायला मला परीक्षा नकोय. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय."

तिने कपातली साय बाजूला सारून उरलेला चहा संपवला. मग म्हणाली, "चला."

पोपटचा गाळा सुट्टीमुळे बंद होता, पण तो घरून किल्ली घेऊन आला. बुटका, मिशाळ माणूस, महेंद्रला बघून त्याला काय करू आणि काय नको असं झालं. "तू ज्योत पेटवणार? डॉक्टर काय बोललेला?"

"दोन मिनिटं. काळा चष्मा लावून."

मृणालने स्वतः त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि मागचा पट्टा घट्ट केला. पोपटने पत्र्याची बादली नळाच्या गार पाण्याने भरली. ज्योत फुस्स करून पेटली, पिवळी, मग निळी, मग पांढरी. महेंद्रने लांब चिमट्यात चकती धरली आणि ती आगीत फिरवायला लागला. त्याच्या हाताची ती फिरकी मी पहिल्यांदाच बघत होते. इतके महिने बंद असलेला हात, पण त्यात कुठे अडखळणं नव्हतं. चकतीला आधी काहीच झालं नाही. मग तिच्या कडेला लाली आली, मग ती मधोमध पसरली, मग आख्खी चकती निखाऱ्यासारखी झाली.

"बघ," महेंद्र म्हणाला, आणि चिमटा सैल केला.

पाण्याने मोठा चुर्रर्र आवाज केला. वाफ आमच्या तोंडावर आली. मृणालने डोळे मिटले होते. मी फुटल्याचा आवाज येतो का म्हणून कान टवकारले. वाफ विरली, पाणी स्थिर झालं. पोपटने बादलीत वाकून बघितलं.

"नाहीय रे आत काही," तो म्हणाला. "विरघळली का काय?"

महेंद्रने चष्मा काढला, बाही वर सारली आणि हात तळाशी घातला. चाचपत राहिला. मग त्याने मूठ वर काढली आणि उघडली. चकती ओल्या तळव्यावर होती, आख्खी, पाण्यात जशी दिसत नव्हती तशीच हातावरही धड दिसत नव्हती. अंगठ्याचा ठसाही जागच्या जागी.

पोपटने ती घेतली, उजेडात धरली, नाण्याने हलकेच वाजवून तिचा आवाज ऐकला. "क्वार्ट्झच आहे," तो म्हणाला. "अरे, हे कुठल्या ज्योतीवर केलंस?"

"ज्योत नव्हती," महेंद्र म्हणाला. "हिने फडताळात केलं." आणि मग तो बादलीच्या शेजारी खाली बसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मृणाल त्याच्या शेजारी बसली. ओल्या फरशीवर दोघं तसेच बसून राहिले. पोपटने ज्योत बंद केली.

पुढचं थोडक्यात सांगते. मृणालने विद्यापीठात संशोधनासाठी नाव नोंदवलं. वयाने तिच्याहून लहान असलेल्या मार्गदर्शक बाई तिला आधी 'मॅडम' म्हणायच्या, आता 'मृणालताई' म्हणतात. जेल कसं लावलं त्याप्रमाणे त्यातली भोकं कशी बदलतात आणि ती मिटायला किती आग लागते, हाच तिचा विषय आहे. महेंद्र रोज गाळ्यावर जातो. ज्योतीसमोर पोपट बसतो, हा साचे करतो. मेणाचे, रबराचे, बारीक नक्षीचे. त्यातली निम्मी जेलं अजूनही फुटतात. तो त्याबद्दल असं बोलतो जसं कोणी हवामानाबद्दल बोलावं.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. केशरबाईंची नजर कमी झालीय, पण त्यांनी चकती मागून घेतली आणि खिडकीशी धरली. किती तरी वेळ त्या तिच्यातून बाहेरच्या उन्हाकडे बघत होत्या.

"हे कशाचं म्हणालीस?"

"वाळूत असतं त्याचंच, आई."

"आणि वितळवलं नाही?"

"नाही."

"मग आतले सगळे कण एकमेकांत मिसळले कसे? त्यांना वाट कुणी दाखवली?"

मृणालने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिला ते येत होतं, मला माहीत आहे, तिने मला कितीदा तरी समजावलंय. पण ती थांबली, आईच्या हातातल्या त्या जवळजवळ न दिसणाऱ्या गोष्टीकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "थांब आई, नीट सांगते. आधी जेवून घेऊ." आणि जेवणं झाल्यावर तिने खरंच सांगायला सुरुवात केली, शेवयांपासून.